मुलांच्या मुखी शब्द देणारी माता : डॉ. मारिया माँटेसरी

शाळाप्रवेशाचे दिवस आले की धर्मग्रामाच्या कार्यालयात तरुण आईवडिलांची ये-जा वाढते. बाळाच्या स्नानसंस्काराचा दाखला हवा असतो. दाखला लिहिता लिहिता बोलणे निघते. शाळा कोणत्या माध्यमाची, फी किती, एबीसीडी कधीपासून शिकवतात, शंभरपर्यंत आकडे पाठ करून घेतात की नाही, ही सारी चौकशी आईवडिलांनी केलेली असते. मात्र त्या वर्गात आपल्या मुलाला बोलायला मिळेल का, त्याचे बोलणे कोणी ऐकून घेईल का, असा प्रश्न आम्ही क्वचितच ऐकला आहे. शहाणे मूल म्हणजे गप्प बसणारे मूल, ही समजूत आपल्या अंगात चांगलीच मुरली आहे.

गंमत अशी की ज्या बाईंनी ही समजूत मोडून काढण्यासाठी आयुष्य वेचले, त्यांचे नाव आपल्याकडील कितीतरी बालवर्गांच्या पाट्यांवर झळकत असते. जुन्या पिढीतील माणसे तर बालवर्गाला सरसकट माँटेसरीच म्हणत. पण माँटेसरी हे एका हाडामांसाच्या स्त्रीचे नाव आहे, ती आपल्यासारखीच कॅथोलिक होती, आयुष्यातील अनेक वर्षे तिने भारतात काढली आणि तिच्या जीवनातील एक महत्त्वाची घटना आपल्या महाराष्ट्रातील एका शहराशी जोडलेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या रविवारी डॉ. मारिया माँटेसरी यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांला वाटले.

हट्टी मुलगी, डॉक्टर मुलगी

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरील अँकोना शहराजवळ किआराव्हाले या गावी झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकरीत होते. आई रेनिल्दे वाचनाची आवड असलेली व श्रद्धाळू होती. मारिया लहान असतानाच हे कुटुंब रोमला राहायला आले.

त्या काळी शिकलेल्या मुलीसाठी एकच वाट मोकळी होती, ती म्हणजे शिक्षिका होण्याची. वडिलांचीही तीच इच्छा होती. मारियाने मात्र आधी मुलांच्या तांत्रिक शाळेत गणित व विज्ञान शिकण्याचा हट्ट धरला आणि पुढे वैद्यकीय शिक्षणाचा. वडील नाराज झाले, आई पाठीशी उभी राहिली. विद्यापीठात प्रवेश मिळाला तरी हाल संपले नाहीत. पुरुष विद्यार्थ्यांबरोबर मृतदेहाचे विच्छेदन करणे स्त्रीला शोभत नाही, असे ठरल्यामुळे तिला ते काम संध्याकाळी, सगळे निघून गेल्यावर, एकटीने करावे लागे. तरीही १८९६ मध्ये ती रोम विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. इटलीतील पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांमध्ये तिची गणना होते.

यानंतर डॉ. माँटेसरी विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करू लागल्या. त्या निमित्ताने त्यांना रोममधील मनोरुग्णालयांत जावे लागे. तिथे मंदबुद्धी ठरवलेली मुले मोठ्या माणसांबरोबर कोंडून ठेवलेली असत. सांगतात की, एका ठिकाणची सांभाळणारी बाई मुलांविषयी तक्रार करू लागली. जेवण झाल्यावरही ही मुले जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे वेचतात, इतकी ती अधाशी आहेत, असे तिचे म्हणणे. डॉक्टरबाईंनी खोलीभर नजर फिरवली. त्या खोलीत हातात घ्यायला, चाचपून पाहायला दुसरी एकही वस्तू नव्हती. त्यांच्याशी बोलणारे तर कोणीच नव्हते. बाईंच्या ध्यानात आले की या मुलांची भूक पोटाची नाही, ती मनाची आहे.

रानातला मुलगा आणि एका डॉक्टरची धडपड

या मुलांसाठी काय करता येईल, याचा शोध घेताना बाईंच्या हाती दोन फ्रेंच डॉक्टरांची जुनी पुस्तके लागली. पहिले डॉक्टर इतार. फ्रान्समधील आव्हेरों भागातील रानात एक मुलगा एकटाच भटकताना सापडला होता. १८०० साली तो पकडला गेला तेव्हा साधारण बारा वर्षांचा असावा. त्याला बोलता येत नव्हते. इतार यांनी त्याचे नाव व्हिक्टर ठेवले आणि सुमारे पाच वर्षे त्याला माणसांत आणण्यासाठी खटपट केली. व्हिक्टर पुष्कळ गोष्टी शिकला. ऐकू येत असूनही बोलायला मात्र तो शिकला नाही. भाषेचे बी पेरण्याचा हंगाम बालपणीच्या पहिल्या वर्षांत असतो. तो हंगाम वाया गेला की पुढे कितीही नांगरणी केली तरी पीक हाती लागणे कठीण, हा धडा माँटेसरीबाईंनी मनाशी पक्का बांधला.

दुसरे डॉक्टर सेगँ. हे इतार यांचेच शिष्य. मंदबुद्धी मुलांना वस्तू हातात देऊन, एकेक शब्द वेगळा काढून कसे शिकवावे, याची पद्धत त्यांनी बसवली होती. मध्ययुगातील मठवासी जसे हाताने ग्रंथ उतरून काढत, तशी बाईंनी ही पुस्तके स्वतःच्या अक्षरात इटालियनमध्ये उतरून काढली. प्रत्येक शब्दाचे वजन कळावे, म्हणून.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण संस्था सुरू झाली. बाई तिच्या संचालकांपैकी एक होत्या. तिथली काही मुले इतकी तयार झाली की सर्वसाधारण मुलांच्या वाचन-लेखनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी आश्चर्य केले. बाईंना वेगळाच प्रश्न पडला. ही मुले इथवर येऊ शकतात, तर धडधाकट मुलांना आपण शाळांमध्ये असे काय करून ठेवतो की ती यांच्याइतकीच मागे राहावीत? या प्रश्नाने त्यांना झोप लागू दिली नाही. त्यांनी ती संस्था सोडली आणि पुन्हा विद्यार्थिनी होऊन तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्राचा अभ्यास सुरू केला.

न उच्चारलेला एक शब्द

इथे बाईंच्या जीवनातील एक दुःख सांगणे आम्हांला भाग आहे. ते टाळले तर चरित्र अर्धवट राहील.

३१ मार्च १८९८ रोजी मारियाला मुलगा झाला. त्याचे नाव मारिओ. मुलाचे वडील त्यांचे सहकारी डॉ. मोंतेसानो. दोघांचे लग्न झाले नव्हते, पुढेही झाले नाही. काही काळाने मोंतेसानो यांनी दुसरीकडे लग्न केले. ही गोष्ट उघड झाली असती तर मारियाचे सारे काम तिथेच संपले असते. बाळाला रोमबाहेर एका खेड्यातील कुटुंबाकडे वाढायला ठेवण्यात आले. आई अधूनमधून त्याला भेटायला जाई, पण आई म्हणून नव्हे. जगातील मुलांच्या पहिल्या शब्दांविषयी जिने इतके लिहिले, तिला स्वतःच्या मुलाचा पहिला शब्द ऐकायला मिळाला नाही.

१९१२ च्या डिसेंबरात रेनिल्देबाई वारल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत, मारिओ पंधराएक वर्षांचा असताना, तो आईजवळ राहायला आला. ही पाहुणी बाई आपली आई आहे, हे त्याने मनोमन केव्हाच ओळखले होते. तेव्हापासून तो तिला सोडून गेला नाही. तरीही चारचौघांत ओळख करून देताना तो कधी भाचा असे, कधी दत्तक मुलगा. मुलगा हा साधा शब्द पुढची सत्तावीस वर्षे जगासमोर उच्चारला गेला नाही. यात कोणाचे किती चुकले, याचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. योग्य नावाने हाक मारली जाणे माणसाला किती मोलाचे असते आणि ती हाक न मिळणे किती जड जाते, हे बाईंना कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नाही, इतकेच आम्ही म्हणू.

सान लोरेन्झोची मुले

रोममधील सान लोरेन्झो ही तेव्हा मजुरांची दाटीवाटीची वस्ती. तिथल्या जुन्या चाळवजा इमारती एका कंपनीने घेऊन दुरुस्त केल्या आणि त्यांत कामकरी कुटुंबांना जागा दिली. आईबाप सकाळीच कामाला जात. मागे राहिलेली, शाळेच्या वयाला न आलेली मुले दिवसभर जिन्यांत हुंदडत आणि नव्या भिंती खराब करत. भिंती रंगवण्यापेक्षा मुले सांभाळायला कोणी ठेवले तर स्वस्त पडेल, असा व्यवहारी हिशेब कंपनीने केला आणि डॉ. माँटेसरींना बोलावले.

६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, पहिले बालगृह उघडले. मागील जन्मांच्या नव्हे, तर याच जन्माच्या दारिद्र्याने दबलेली साठच्या आसपास मुले एका खोलीत जमली होती. बाईंनी पुढे लिहून ठेवले आहे की ती मुले रडवेली, घाबरलेली होती. इतकी बुजरी की त्यांना बोलते करणे अशक्य वाटत होते. चेहऱ्यावर कसलाही भाव नव्हता. त्या सणाच्या मिस्सेतील यशया संदेष्ट्याचे वाचन, अंधारावर उगवणाऱ्या प्रकाशाविषयीचे, त्या दिवशी बाईंच्या मनात होते.

या मुलांना बोलते कसे केले? घोकंपट्टीने नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. बाईंनी तीन साध्या गोष्टी केल्या. त्या आजही कोणालाही करता येण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, वस्तू आणि शब्द यांची नेमकी गाठ घालणे. सेगँ यांच्याकडून घेतलेला हा पाठ तीन पायऱ्यांचा आहे. समजा, मुलाला खडबडीत आणि गुळगुळीत हे शब्द द्यायचे आहेत. पहिल्या पायरीवर शिक्षिका मुलाचे बोट एका फळीवरून फिरवते आणि स्पष्ट उच्चारात एवढेच सांगते की हे खडबडीत आहे. मग दुसऱ्या फळीवरून बोट फिरवून सांगते की हे गुळगुळीत आहे. फळी कुठली, कोणी आणली, असली जादा बडबड नाही. दुसऱ्या पायरीवर ती मुलाकडे खडबडीत फळी मागते, मग गुळगुळीत. मूल अजून बोलत नाही, ते ऐकते आणि ओळखते. तिसऱ्या पायरीवर ती एकेका फळीकडे बोट दाखवून विचारते की ही कशी आहे. आता तो शब्द मुलाच्या स्वतःच्या तोंडून येतो. मध्येच मूल चुकले तर रागवायचे नाही, दुरुस्तही करायचे नाही. हसून विषय सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. मूल चुकले याचा अर्थ त्याचे त्या दिवशीचे मन अजून तयार नव्हते, एवढाच बाई घेत. समजणे आधी येते, बोलणे मागून येते. आपण मात्र बहुधा तिसऱ्या पायरीवरच उभे राहून मुलाची परीक्षा घेत असतो.

दुसरी गोष्ट, मौन. बोलायला शिकवण्यासाठी मौन, हे ऐकायला विचित्र वाटेल. झाले असे की एकदा अंगणात उभ्या असलेल्या एका आईकडून बाईंनी चार महिन्यांचे बाळ उचलून वर्गात आणले. हे बाळ बघा किती शांत आहे, तुम्हांला इतके शांत राहता येईल का, अशा अर्थाचे त्या गमतीने म्हणाल्या. मुले एकदम स्तब्ध झाली. घड्याळाची टिकटिक, श्वासांचा आवाज, एरवी कधीच कानावर न येणारे बारीकसारीक आवाज ऐकू येऊ लागले. यातून एक खेळ तयार झाला. सर्व मुले डोळे मिटून शांत बसत. बाई शेजारच्या खोलीत जाऊन अगदी हलक्या आवाजात एकेकाचे नाव घेत. ज्याचे नाव येई ते मूल, खुर्चीचाही आवाज न करता, चवड्यांवर चालत त्यांच्याजवळ जाई. चाळीस मुले आपापल्या नावाची वाट पाहत निश्चल बसून राहत. यात कानाची परीक्षा होती, संयमाचे शिक्षण होते. त्याहून मोठे म्हणजे, घरी ज्यांना कोणी ओरडल्याशिवाय हाक मारली नव्हती, अशा मुलांना आपले नाव कोणीतरी हळुवारपणे घेतलेले ऐकायला मिळत होते.

तिसरी गोष्ट, गप्पा. १९०९ मध्ये बाईंनी आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिले. त्यात दिलेल्या दिवसाच्या वेळापत्रकात सकाळच्या पहिल्याच तासात संभाषणाला जागा आहे. काल काय केले, कोणते खेळ खेळले, हे मुलांनी सांगायचे आणि शिक्षिकेने ऐकायचे. शिवाय एक नाजूक सूचना आहे. घरातील भांडणे, खासगी गोष्टी मुलाच्या तोंडून काढून घेऊ नयेत. मुलाला बोलते करायचे, पण त्याच्या घराची अब्रू राखून. गरिबांच्या घराविषयी इतका आदर शिक्षणाच्या पुस्तकात क्वचितच सापडतो.

या सर्वांचे फळ काही महिन्यांत दिसले. बोलण्याने समृद्ध झालेली चार-पाच वर्षांची मुले शब्दांतील आवाज सुटे करू लागली. खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरवू लागली आणि एके दिवशी अचानक लिहू लागली. गच्चीवर बसून खडूने धुराड्याचे चित्र काढणाऱ्या एका मुलाने त्याशेजारी धुराडे हा शब्द लिहून टाकला, आणि आनंदाने ओरडत त्याने सर्वांना गोळा केले. पाटी-पेन्सिल आधी हाती देण्याची घाई करणाऱ्या आपण सर्वांनी हा क्रम लक्षात ठेवावा : आधी कान, मग जीभ, मग हात.

भूकंपातून वाचलेली मुले

२८ डिसेंबर १९०८ रोजी सिसिलीतील मेस्सीना शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. ढिगाऱ्यांत एकटी सापडलेली साठेक लहान मुले रोमला आणण्यात आली. त्यांची नावे कोणालाही ठाऊक नव्हती. धक्क्याने सर्व जणू एकसारखीच झाली होती, मूक, खिन्न, हरवलेली. ती खात नसत, झोपत नसत, रात्री किंचाळून उठत. फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या संघाच्या धर्मभगिनींनी आपल्या मठात त्यांच्यासाठी बालगृह उघडले.

धर्मभगिनींनी त्यांना उपदेश केला नाही. त्यांना छोट्या खुर्च्या, छोटी टेबले, रंगीत फडकी दिली. टेबल कसे मांडावे, थाळी कशी न्यावी, कोणाला काय म्हणावे, हे त्या निगुतीने शिकवत राहिल्या. हळूहळू मुले जेवू लागली, झोपू लागली, मग बोलू लागली, हसू लागली. कामाला हात, वस्तूला नाव आणि ऐकणारे माणूस मिळाले की मोडलेले मूलही पुन्हा उभे राहते, हे त्या मठात सर्वांनी पाहिले.

पुढे स्पेनमधील बार्सेलोना येथे बाईंनी मुलांच्या धार्मिक शिक्षणाचाही प्रयोग केला. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे घोकण्याआधी मुलांनी पवित्र मिस्सेतील वस्तू, रंग आणि कृती पाहाव्यात, हाताळाव्यात, त्यांची नावे शिकावीत, असा त्यांचा आग्रह होता. तिथल्या मुलांनी ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीसाठी गहू पेरला आणि द्राक्षवेली लावल्या. ख्रिस्तसभेत जगणारी मुले या आशयाचे त्यांचे पुस्तक १९२२ साली प्रसिद्ध झाले. आपल्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाच्या शिक्षकांनी या प्रयोगाचा जरूर विचार करावा.

अहमदनगरचा कैदी

१९२२ मध्येच इटलीत मुसोलिनी सत्तेवर आला. सुरुवातीला त्याने माँटेसरी शाळांना आश्रय दिला आणि बाईंनी तो घेतला. पण हुकूमशाहीला एका सुरात घोषणा देणारी मुले हवी असतात, आणि या शाळांतील मुले स्वतःचे स्वतः बोलत होती. हे फार दिवस जमणार नव्हते. १९३४ च्या सुमारास इटलीतील शाळा बंद पडल्या, बाईंनी देश सोडला. १९३६ च्या यादवी युद्धामुळे स्पेनही सोडावा लागला. त्या हॉलंडला गेल्या.

१९३९ च्या नोव्हेंबरात, वयाच्या ६९ व्या वर्षी, थिऑसॉफिकल सोसायटीच्या आमंत्रणावरून त्या मारिओसह मद्रासला आल्या. अड्यार येथे त्यांच्या पहिल्या वर्गाला सुमारे तीनशे शिक्षक जमले. बाई इटालियनमध्ये बोलत, आणि शेजारी उभा राहून मारिओ वाक्यामागून वाक्य इंग्रजीत सांगे. ज्या मुलाला जगासमोर मुलगा म्हणता आले नव्हते, तोच आता आईचा आवाज झाला होता.

१० जून १९४० रोजी इटली महायुद्धात उतरली आणि भारतातील इटालियन माणसे ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने शत्रू ठरली. मारिओला अटक करून आपल्या अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) स्थानबद्धता छावणीत ठेवण्यात आले. बाईंना अड्यारच्या आवाराबाहेर जाण्यास बंदी झाली. सत्तरीला टेकलेली आई आणि तिचा आवाज बनलेला मुलगा यांची ताटातूट झाली.

त्या वर्षी ३१ ऑगस्टला बाईंना सत्तर वर्षे पूर्ण होत होती. व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून काय द्यावे याचा विचार करून त्यांचा मुलगा त्यांना परत देण्याचे ठरवले आहे, असा तिचा आशय होता. मारिओ अहमदनगरहून सुटून आईकडे आला. पण आमच्या मते खरी भेट त्या तारेतील एका शब्दात होती. भाचा नाही, दत्तक नाही, मुलगा. बेचाळीस वर्षे दडवून ठेवलेला शब्द एका परक्या सरकारच्या कागदावर स्वच्छ लिहिलेला होता. बाईंनी तो शब्द नाकारला नाही. त्यांच्या मृत्युपत्रातही मारिओचा उल्लेख मुलगा असाच आहे.

युद्ध संपेपर्यंत मायलेक भारतातच राहिले. १९४२ ते १९४४ या काळात त्यांचा मुक्काम कोडाईकॅनालच्या थंड डोंगरावर होता. १९४४ मध्ये अहमदाबादला दिलेल्या व्याख्यानांतून त्यांचे मुलांच्या ग्रहणशील मनाविषयीचे प्रसिद्ध पुस्तक तयार झाले. त्यांचे म्हणणे असे की, मोठी माणसे भाषा शिकतात, पण तान्हे मूल भाषा पिऊन टाकते. व्याकरणाचा एकही नियम न शिकवता ते आपल्या घरची भाषा तिच्या सर्व वळणांसह आत्मसात करते. अट एकच, त्याच्याभोवती जिवंत माणसे बोलत असली पाहिजेत.

त्यांनी सांगितलेला एक प्रसंग आम्हांला फार आवडतो. इटलीत एका सहलीत दीड वर्षांचे एक मूल आकांताने रडू लागले. काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होते, कोणालाच कळेना. सर्वांनी त्याला हट्टी ठरवले. बाईंनी पाहिले की उकाड्यामुळे आईने अंगातला कोट काढून हातावर टाकला आहे. त्यांनी तिला कोट पुन्हा खांद्यावर घ्यायला सांगितले. मूल लगेच शांत झाले. कोट खांद्यावर असतो, एवढेच ते बापडे त्याच्या बोबड्या बोलीत सांगत होते. आपण ज्याला हट्ट म्हणतो ते पुष्कळदा न ऐकले गेलेले वाक्य असते.

आपल्या किनाऱ्यावर

माँटेसरीबाईंचा विचार त्या स्वतः येण्याआधीच आपल्याकडे पोहोचला होता. गुजरातमध्ये भावनगरला गिजुभाई बधेका आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी तो आत्मसात केला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. इटलीतील महागडी साधने आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी बिया, शंखशिंपले, पाने, दगडगोटे घेतले. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यांच्या ओळखीच्या वस्तू, गाणी आणि गोष्टी घेऊन त्यांना बोलते केले.

डॉ. माँटेसरी १९४६ मध्ये युरोपला परतल्या, पुन्हा भारतात आल्या आणि १९४९ मध्ये कायमच्या हॉलंडला गेल्या. शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव तीनदा सुचवले गेले, पण ते मिळाले नाही. ६ मे १९५२ रोजी, समुद्रकाठच्या नोर्डवाइक गावी, आफ्रिकेला शिकवायला जावे की नाही यावर मारिओशी बोलत असतानाच त्यांच्या आयुष्याचा शेवट झाला. वय ८१ होते. तिथल्याच कॅथोलिक दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. मुलांनो, जगात शांती नांदावी म्हणून माझ्याबरोबर या, अशा अर्थाची विनवणी त्यांच्या कबरीवर कोरलेली आहे.

आपल्यासाठी

लॅटिन भाषेत तान्ह्या बाळाला इन्फान्स म्हणतात. त्याचा मूळ अर्थ, न बोलणारा. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ ज्या सनातन शब्दाने होतो, तो शब्द बेथलेहेमात न बोलणारे बाळ होऊन आला. देवाच्या पुत्राने पहिले शब्द पवित्र मरिया आणि संत योसेफ यांच्याकडून, नाझरेथच्या घरगुती बोलीत ऐकले. ज्याने सृष्टी शब्दाने घडवली, त्याला आईने वस्तूंची नावे शिकवली. या रहस्यावर थोडे मनन केले तरी लहान मुलाशी बोलणे हे किती पवित्र काम आहे, हे ध्यानात येईल.

मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एका बहिऱ्या व अडखळत बोलणाऱ्या माणसाला बरे करतो. तो त्याला गर्दीतून बाजूला घेतो. आधी त्याच्या कानांना स्पर्श करतो, नंतर जिभेला. स्नानसंस्काराच्या एका विधीत धर्मगुरू बाळाच्या कानांना आणि मुखाला स्पर्श करून हीच प्रार्थना करतात. तो विधी क्षणभराचा असतो. पुढचे काम आईवडील, आजीआजोबा आणि शिक्षक यांच्याकडे सोपवलेले असते.

म्हणून आमची आपणांस नम्र विनंती आहे. मूल जेवताना त्याच्या हाती मोबाइल देऊन मोकळे होऊ नका, ताटातील भाजीचे नाव त्याला सांगा. मोबाइल बोलतो खूप, पण ऐकत नाही. घरात वाडवळी असो, कादोडी असो, कोळी असो की ईस्ट इंडियन बोली असो, जी भाषा तुमच्या जिव्हाळ्याची आहे तीत मुलाशी भरभरून बोला. मोडक्या इंग्रजीत दिलेल्या चार हुकमांपेक्षा आजीने आपल्या बोलीत सांगितलेली एक गोष्ट त्याला जास्त शब्द देईल, आणि पुढे इंग्रजी शिकायलाही तेच शब्द कामी येतील. बालवाडीतील बाईंना भेटाल तेव्हा मूल काय लिहिते एवढेच विचारू नका, ते वर्गात काय बोलते हेही विचारा.

आणि दिवसातून एकदा तरी मुलाला, न ओरडता, हळू आवाजात, त्याच्या नावाने हाक मारा. मग ते काय सांगते, ते पूर्ण होईपर्यंत ऐकून घ्या.